‘निरंक’ एवढं लिहायला किती दिवस लागतात?

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात नोकरीला लागायचं पोर आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा, बाकीच्यांनी जमेल तशी.

पोलिसांच्या कागदावर एक शब्द नेहमी येतो. निरंक. या इसमाविरुद्ध आमच्या अभिलेखावर काही नोंद नाही, एवढाच त्याचा अर्थ. चाकण, भोसरी, तळवडे, हिंजवडी, कुठंही कामाला लागायचं म्हटलं की आज या शब्दावाचून गेट उघडत नाही. आपली पोरं त्याला ‘पोलीस व्हेरिफिकेशन’ म्हणतात, सरकारी नाव ‘चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र’. वेल्डर असो, फोर्कलिफ्ट चालवणारा असो, नाहीतर कॅन्टीनमध्ये चपात्या लाटणारी मावशी असो. कंत्राटदार आधी आधार मागतो, मग पासबुक, मग हे.

मी या पट्ट्यात बातमीदारी करतो त्याला बरीच वर्षं झाली. लोकांना वाटतं पत्रकाराला फोन येतात ते बातमी द्यायला. प्रत्यक्षात बहुतेक फोन ‘दादा, तिथं तुमची ओळख आहे का?’ असे असतात. आधी ते फोन दवाखान्यातल्या बेडसाठी, शाळेच्या प्रवेशासाठी यायचे. हल्ली या कागदासाठी येतात.

त्यातले दोन सांगतो. नावं, ठाणी, कंपन्या लिहीत नाही, कारण पोरांना अजून याच पट्ट्यात काम शोधायचंय.

पहिला पोरगा लातूर जिल्ह्यातला. आयटीआय झालेला, फिटर. म्हाळुंग्यात दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहतात. एका कंपनीत कंत्राटदारामार्फत काम लागलं, हातात १९ हजार. बॅच सोमवारी आत जाणार, त्याआधी व्हेरिफिकेशन आणून दे म्हणाले. यानं ऑनलाइन अर्ज भरला, पैसे भरले. चार दिवसांनी अर्ज ‘त्रुटी’ म्हणून परत. राहत्या पत्त्याचा पुरावा नाही. आधारवर गावचा पत्ता, आणि खोलीमालक भाडेकरार करून द्यायला तयार नाही. नोंदणीचा खर्च कोण करणार, उद्या ग्रामपंचायत कर वाढवील, नसती भानगड नको. मग कुणीतरी सांगितलं, गावाकडून काढ. पोरगा रात्रीच्या गाडीनं लातूरला गेला. तिथं विचारलं, तू गेलं वर्षभर राहतोस कुठं? चाकणला. मग चाकणला जा.

तो परत आला तोवर सोमवार होऊन गेला होता. बॅच आत गेली. त्याच्याविरुद्ध कुठल्याच ठाण्यात काही नाही. म्हणजे उत्तर निरंकच होतं, फक्त ते लिहून मिळालं नाही.

दुसरा पोरगा आपल्या खेड तालुक्यातला, घरचा बागायतदार, घरी बैलगाडा. इथल्या लोकांना पुढचं सांगायची गरज नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली. बंदीच्या काळातही यात्रेला कुठं ना कुठं घाटात गाडा जुंपला जायचा आणि मग गुन्हे दाखल व्हायचे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवल्याचा १९६० चा कायदा आणि जोडीला जमावबंदी मोडल्याचं, आदेश न पाळल्याचं कलम. हा पोरगा तेव्हा विशीचा. गाडा चुलत्याचा, हा बैल धरायला. फिर्यादीत बारा-पंधरा नावं, त्यात याचं.

पुढं १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून शर्यतींना परवानगी दिली. १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदाही वैध ठरवला. मधल्या काळात, २०२२ च्या मे महिन्यात आपल्या चिखलीत शर्यत झाली, तिथं बक्षिसाला जेसीबी आणि बोलेरो होत्या. पुढारी स्टेजवर होते, बंदोबस्ताला पोलीस होते. त्याच वर्षी बंदीच्या काळातले शर्यतीचे खटले मागे घेणार असं सरकारनं जाहीर केलं. गावात फटाके वाजले, फ्लेक्स लागले.

आणि यंदा या पोराचं व्हेरिफिकेशन अडकलं. कारण अभिलेखावर गुन्हा दिसतोय, प्रकरण न्यायप्रविष्ट.

घोषणा आणि अभिलेख यांच्या मध्ये एक पायरी असते, ती फ्लेक्सवर लिहिलेली नसते. सरकारनं ठरवलं म्हणून खटला संपत नाही. सरकारी वकिलानं न्यायालयात अर्ज द्यावा लागतो आणि न्यायालयानं संमती द्यावी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ३२१ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ३६०. संमतीचा आदेश झाला की तो ठाण्यात पोचावा लागतो आणि ठाण्यानं तो संगणकावर चढवावा लागतो. या साखळीतली एक कडी जरी अडली, तरी स्क्रीनवर पोरगा आरोपीच राहतो. आरक्षणाच्या आंदोलनातल्या गुन्ह्यांचं, कोविडच्या टाळेबंदीत कलम १८८ खाली घातलेल्या गुन्ह्यांचं हेच. मागे घेण्याच्या घोषणा वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी केल्या. घोषणा टीव्हीवर एका दिवसात पोचते. आदेश ठाण्यातल्या टेबलावर कधी पोचला, हे विचारायला मात्र कुणी जात नाही.

या पोरानं कंपनीच्या फॉर्ममध्ये ‘आपल्याविरुद्ध गुन्हा दाखल आहे का?’ या प्रश्नापुढं खरं ते लिहिलं. ‘होय, बैलगाडा शर्यत.’ एचआरमधल्या मॅडम म्हणाल्या, आमच्या सिस्टीममध्ये कारण लिहायला जागा नाही, फक्त हो किंवा नाही. जागा दुसऱ्याला गेली.

आता पोलिसांची बाजू. नुसतं त्यांच्या नावानं बोटं मोडून उपयोग नाही. ओळखीच्या एका हवालदारांना विचारलं, एवढा वेळ का लागतो हो? ते म्हणाले, ‘‘साहेब, गोपनीयला आम्ही दोघं. व्हेरिफिकेशन आमच्याकडं, पासपोर्ट आमच्याकडं, मोर्चा आला की तो आमच्याकडं, पालखी आली की बंदोबस्त. अर्जाचा गठ्ठा बघा तुम्ही. आणि सही करणार मी. उद्या त्या पोरानं काही केलं तर पहिला प्रश्न मला, याला निरंक कुणी दिलं?’’

हे खोटं नाही. हा पट्टा वाढला तसं पोलीस दल वाढलं नाही. १९६० च्या दशकात एमआयडीसी आली, पिंपरी-भोसरीत कारखाने उभे राहिले. चाकणला नव्वदच्या दशकाच्या शेवटी बजाज आली, पुढच्या दहा-बारा वर्षांत मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्रा आणि त्यांच्यामागं सुट्या भागांचे शेकडो कारखाने. पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं ते थेट १५ ऑगस्ट २०१८ ला. पुणे शहर आणि पुणे ग्रामीणमधली ठाणी काढून ते उभं केलं. चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव ग्रामीणमधून इकडं आली. राजगुरुनगर ग्रामीणमध्येच राहिलं.

म्हणजे एकाच खेड तालुक्यातल्या दोन गावांतल्या दोन पोरांना दोन वेगळ्या दारांत जावं लागतं. एकाचा कागद चिंचवडच्या आयुक्तालयाकडं, दुसऱ्याचा पाषाण रस्त्यावरच्या अधीक्षक कार्यालयाकडं. आणि तारखा बघा. चाकणला आंदोलनात जाळपोळ झाली ती ३० जुलै २०१८ ला. तेव्हा चाकण ठाणं ग्रामीणमध्ये होतं. सोळाव्या दिवशी ते आयुक्तालयात गेलं. चाकणचा जुना कागद बघायचा तर तो दुसऱ्या दलाच्या काळातला. हे सगळं ज्यानं त्या दिवशी काहीच केलं नाही, फक्त नावात साम्य आहे, त्या पोरालाही सोसावं लागतं. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव सारखं असलेले दोघं एका वाडीत सहज सापडतात.

मग कुणी म्हणेल, कशाला हवी ही पडताळणी? बंदच करा. तसं मी म्हणणार नाही. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री बीपीओत कामाला निघालेल्या तरुणीला कॅबचालक आणि त्याच्या साथीदारानं गहुंजेकडं नेऊन तिच्यावर बलात्कार केला आणि तिला मारलं. २००९ मध्ये खराडीच्या आयटी कंपनीतून निघालेल्या महिलेचा मृतदेह आपल्याच खेड तालुक्यात सापडला, तिथंही आरोपींत कॅबचालक होता. ज्यांच्या घरच्या लेकी रात्रपाळीला जातात त्यांना चालक कोण आहे हे विचारायचा हक्क आहे. खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्यात तर गार्ड नेमण्याआधी त्याचं चारित्र्य पडताळणं बंधनकारकच आहे, आणि ते बरोबर आहे.

पण रात्री एकट्या बाईला घरी सोडणारा चालक आणि दिवसा शंभर माणसांत, कॅमेऱ्याखाली, सुपरवायझरसमोर पार्ट लावणारा हेल्पर यांना एकच चाळणी कशासाठी? हेल्परकडून हा कागद मागणं हा कंपनीचा किंवा कंत्राटदाराचा स्वतःचा नियम असतो. कंत्राट सहा-सात महिन्यांचं. ब्रेक लागला की दुसरा कंत्राटदार, आणि तो म्हणतो जुना कागद चालणार नाही, नवीन आण. तोच पोरगा, तीच खोली, तेच ठाणं, आणि वर्षातून दुसऱ्यांदा तोच अर्ज. हवालदारांच्या गठ्ठ्यात असे किती कागद असतील ते त्यांनाच ठाऊक.

पत्रकारितेची पदविका करत होतो तेव्हा कोर्टाच्या बातम्या शिकवणारे सर एक गोष्ट डोक्यात बसवायचे. फिर्याद म्हणजे आरोप, दोषारोपपत्र म्हणजेही आरोपच, दोष सिद्ध होतो तो निकालात. आमच्या महाराष्ट्रात तपास संपला की समरीचे प्रकार असतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, तर ‘अ’. फिर्यादच खोटी, तर ‘ब’. गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची, तर ‘क’. ‘ब’ समरी झालेल्या माणसाविरुद्ध खोटी फिर्याद दिली गेली होती, म्हणजे खरं तर तोच पीडित. कंपनीच्या हो-नाहीच्या रकान्यात मात्र त्याचंही ‘हो’च होतं. भावकीतल्या बांधाच्या भांडणात दोन्हीकडच्या घरातल्या सगळ्या पोरांची नावं फिर्यादीत घालायची आपल्याकडं रीतच आहे. त्या पोरांची नोकरी आपण घालवतोय हे फिर्याद देणाऱ्या चुलत्याच्या तेव्हा ध्यानातही नसतं.

सर्वोच्च न्यायालयानं २१ जुलै २०१६ ला अवतार सिंग खटल्यात यावर सविस्तर लिहिलंय. प्रकरण सरकारी नोकरीचं होतं, पण तत्त्व समजून घेण्यासारखं आहे. उमेदवारानं माहिती खरी द्यावी. आणि माहिती मिळाल्यावर नेमणाऱ्यानं डोळे मिटून नाव कापू नये. गुन्हा किरकोळ आहे का, तरुण वयातला आहे का, कामाचं स्वरूप काय, हे सगळं तोलून बघावं. न्यायालय तोलायला सांगतं आणि आमच्याकडं फॉर्ममध्ये कारण लिहायला ओळही नसते.

अमेरिकेत हवाई राज्यानं १९९८ मध्ये एक साधी गोष्ट केली. खासगी मालकानंही उमेदवाराला आधी सशर्त नोकरी देऊ करायची, गुन्ह्याची चौकशी त्यानंतर. तीही शिक्षा झाली आहे का याची, आणि त्या गुन्ह्याचा त्या कामाशी संबंध आहे का याची. पुढं तिथल्या अनेक राज्यांनी असे नियम केले. आपल्याला अमेरिका व्हायची गरज नाही, पण ‘आधी घ्या, मग तपासा’ हे चाकणला न जमण्यासारखं काही नाही. पोराकडून स्वयंघोषणापत्र घ्या, अर्जाची पावती घ्या, आत घ्या. चुकीची माहिती निघाली तर काढायचा अधिकार तुमचाच आहे. रोज सकाळी अंगठा लावून आत येणारा माणूस कुठं पळून जाणार?

सध्या उशिराची सगळी किंमत एकटा पोरगा भरतो. ठाण्याचं काही जात नाही, कंपनीचं काही जात नाही, कंत्राटदाराला दुसरा पोरगा मिळतो. जो उशीर करतो त्याला त्याची झळ लागत नाही, म्हणून उशीर चालू राहतो. पासपोर्टचं उदाहरण बघा. तिथं पोलिसांनी २१ दिवसांत अहवाल दिला तर परराष्ट्र मंत्रालय राज्याला प्रत्येक प्रकरणामागं १५० रुपये देतं, उशीर झाला तर ५०. रक्कम छोटी आहे, पण मुदतीला काहीतरी बांधलेलं आहे. परदेशी जाणाऱ्याच्या कागदाला जे जमतं, ते म्हाळुंग्याला जाणाऱ्याच्या कागदाला का नको?

आणि इथं आपल्या पोरांनाही सांगायचंय. तुमच्या हातात एक कायदा आहे, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. अधिसूचित सेवा किती दिवसांत द्यायची, पदनिर्देशित अधिकारी कोण, अपील कुणाकडं, हे कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. मुदत टळली तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, मग दुसरं, मग राज्य सेवा हक्क आयोग. कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. आयोगाचं ब्रीदवाक्यच आहे, ‘आपली सेवा, आमचे कर्तव्य’.

एक गोम मात्र आहे. मुदत मोजली जाते ती अर्ज सर्व बाबतीत पूर्ण असल्यापासून. एक त्रुटी निघाली की घड्याळ शून्यावर. आणि अपीलाचा निकाल यायला जेवढे दिवस लागतात तेवढे दिवस कंत्राटदार जागा धरून ठेवत नाही. म्हणून अपील कराच, पण नुसत्या अपीलावर विसंबू नका. काही गोष्टी आधीच करून ठेवा:

१. काम मिळायच्या आधी अर्ज करा. बॅच लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही. अर्जाचा क्रमांक आणि पावती जपा. एजंटाला ‘लवकर काढून देतो’ म्हणून पैसे देऊ नका. बनावट कागद दाखवला की आतापर्यंत निरंक असलेला माणूस खरोखरचा आरोपी होतो.

२. खोलीमालकाला भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन द्यायला लावा. ती देण्याचे आदेश पोलीस वेळोवेळी काढतातच. त्याची प्रत अर्जाला जोडा.

३. जुना गुन्हा असेल तर तो ‘मिटला’ असं तोंडी ऐकून गप्प बसू नका. न्यायालयातून निकालाची, समरीची किंवा खटला मागे घेतल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढा, ठाण्यात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

४. फॉर्ममध्ये खोटं लिहू नका. खरं लिहा आणि सोबत कागद जोडा. नोकरी लागल्यावर लपवलेलं निघालं तर तुमची बाजू मांडणं फार अवघड जातं.

पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण अधीक्षक, दोघांकडं मागणी एवढीच आहे. भाडेकरू म्हणून नोंद असलेल्या माणसाला पत्त्यासाठी परत पाठवू नका. त्रुटी काढायची तर सगळ्या एकदाच काढा. ज्यांचं नाव, जन्मतारीख आणि आधार संगणकावर कुठंच जुळत नाही त्यांचे अर्ज वेगळे करून आधी निकाली काढा. मागे घेतलेल्या खटल्यांची यादी न्यायालयाकडून दर महिन्याला मागवा आणि अभिलेख दुरुस्त करा. चाकणच्या कंपन्यांच्या संघटनांकडंही एकच मागणी आहे. सहा महिन्यांपूर्वीचा कागद असलेल्या पोराला पुन्हा त्याच रांगेत उभं करू नका आणि फॉर्ममध्ये कारण लिहायला दोन ओळी ठेवा.

लातूरच्या पोरानं नंतर पावतीवर आत घेणारा एक छोटा वर्कशॉपवाला शोधला, पगार १४ हजार. मूळ अर्जावर प्रमाणपत्र आलं तेव्हा तो तिथं रुजू होऊन महिना झाला होता. शेरा अर्थातच निरंक. दर महिन्याला पाच हजारांचा फरक पडतोय, आणि गावाकडं बहिणीचं लग्न ठरलंय.

खेडचा पोरगा पुढच्या आठवड्यात राजगुरुनगरच्या कोर्टात जाणार आहे, आदेश झालाय का आणि झाला असेल तर कुठं अडकलाय ते बघायला. त्याच फिर्यादीतल्या बाकीच्यांनाही मी सोबत जायला सांगितलंय. बैलगाड्याच्या गुन्ह्यात नाव असलेले अजून कुणी असतील तर त्यांनी आपला खटला क्रमांक काढून ठेवावा. एकेकट्यानं हेलपाटे घालण्यापेक्षा यादी करून एकदम सरकारी वकिलांना भेटू. क्रमांक आणि नाव कमेंटमध्ये लिहू नका, इनबॉक्स करा.